जुन्या पैठणीचा पदर भिंतीवर लावताना

आजीची येवल्याची पैठणी घडीवर विरली, पण पदरावरचे मोर शाबूत आहेत? फ्रेम करा. मात्र डिंकाने चिकटवू नका, रेशमावर डाग उठतात.

१. मांजरपाट धुऊन इस्त्री करा. खळ जायलाच हवी.
२. त्यावर पदर सपाट पसरून बारीक सुईने, रेशमी दोऱ्याने कडेकडेने सैल टाके घाला. जरीतून सुई नको, जर तुटते. इथे घाई करू नका. मला दोन दुपारी लागल्या.
३. मांजरपाट पुठ्ठ्यावर ताणून मागून शिवा.
४. फ्रेमवाल्याला काच आणि कापडात अर्धा सेंटीमीटर फट ठेवायला सांगा. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात पावसाळ्यात काचेला ओल धरते.

ऊन येणारी भिंत टाळा, रंग उडतो.