गाडीत बुरशी आलीय? निदान या चुका तरी करू नका

आषाढ अर्धा सरला की मला ठरलेले फोन यायला लागतात. "पंधरा दिवस गाडी काढली नव्हती, आज दार उघडलं तर स्टिअरिंगवर पांढरा बुरा आणि आत कुबट वास." रत्नागिरीत गाड्यांच्या सीट-कुशनचं आणि आतल्या साफसफाईचं काम करतो, त्यामुळे बुरशीचं मला नवल नाही. इथं पावसाळ्यात दाराआडच्या चपलांना बुरा येतो, तर बंद गाडीला का नाही येणार? नवल वाटतं ते फोन करायच्या आधी माणसांनी जे उद्योग करून ठेवलेले असतात त्याचं. एका भल्या माणसाने बंद गाडीत ऊद जाळला होता. बुरशी जागची हलली नाही, पण छताला काजळी मात्र आली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसली की पुसून मोकळं होणं. बुरशीचे कण हवेत कायमचेच असतात, ते कुणाला संपवता येत नाहीत. त्यांना वाढायला ओल लागते. ओल कुठून येते ते न बघता पुसत बसाल, तर दर पंधरा दिवसांनी पुसत बसाल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, खाल्लेल्या मारातून सांगतो. लांज्याकडचे एक गुरुजी रोज शाळेला गाडीने जायचे. डाव्या सीटच्या खाली आणि सीटबेल्टवर हिरवट बुरशी आली म्हणून गाडी घेऊन आले. मी पुसून, व्हॅक्यूम मारून दिली, पैसे घेतले. तीन आठवड्यांनी परत. पुन्हा पुसून दिली. तिसऱ्यांदा आले तेव्हा काही बोलले नाहीत, चावी टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिले. मग मला लाज वाटली. सीट सोडवली, दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली आणि कार्पेट उचललं. वरून कार्पेट हाताला कोरडं लागत होतं, पण खालचा जाड स्पंज पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं. एसीचं पाणी गाडीखाली सोडणारी जी छोटी नळी असते, तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. काचेवरचं धुकं जावं म्हणून गुरुजी भर पावसात रोज एसी लावत होते आणि ते सगळं पाणी आत पायाशी उतरत होतं. तारेने माती काढली, बदाबदा पाणी पडलं. पुढच्या दोन दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत.

तेव्हापासून माझी सवय अशी: गाडी आली की आधी एसी लावून पंधरा मिनिटं उभी करायची आणि खाली वाकून बघायचं. दमट दिवसात एसी चालू असूनही खाली थेंब पडत नसेल तर नळी तुंबलीय असं समजा. मग कार्पेटवर वर्तमानपत्राची घडी ठेवून तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. कागद भिजला तर खाली पाणी आहे. मग वायपरखालची जाळी. आंब्या-फणसाखाली लावलेल्या गाडीत तिथं पाल्याचा लगदा होतो, पाण्याची वाट बंद होते आणि पाणी आत शिरतं. दाराच्या खालच्या कडेची बारीक भोकं, सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या, मागच्या दिव्यांची रबरं, हे सगळं बघायचं. डिकीत स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात हात घाला. तिथं डबकं साचलेल्या गाड्या मी मोजायचं सोडून दिलंय. पायाशी चिकट, गोडसर वासाचं पाणी असेल तर ते पावसाचं नाही, इंजिनच्या कूलंटचं आहे. मग माझ्याकडे येऊ नका, मेकॅनिककडे जा.

आणि वाळवायला वेळ द्या. "संध्याकाळपर्यंत होईल ना?" असं विचारणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. ओला स्पंज पावसाळ्यात दोन-तीन दिवस घेतो. कार्पेट उचलून खाली लाकडी ठोकळे आणि समोर टेबलफॅन, एवढंच माझं यंत्र. उघडीप मिळाली तर चारी दारं उघडून गाडी उन्हात. नाही मिळाली तर एसी चालू, तापमान गरमवर, काचा दोन बोटं खाली. एसी हवेतली ओल ओढतो आणि गरम हवा स्पंज सुकवते. हे उघड्यावरच करायचं, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून अजिबात नाही, धुराने जीव जाईल. सीट स्वतः सोडवणार असाल तर खाली पिवळं कनेक्टर दिसतं का बघा. ते एअरबॅगचं असतं, त्याला हात लावू नका.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे प्लास्टिकचं कव्हर. चाकरमानी गावची गाडी मे महिन्यात धुतात, ओलसरच असताना वरून जाड कव्हर घट्ट बांधतात आणि गणपतीला येऊन सोडतात. म्हणजे तीन महिने आपणच बुरशीची बाग लावल्यासारखं. गाडी पूर्ण कोरडी असेल तरच कव्हर घाला, तेही हवा खेळेल अशा कापडाचं. पत्र्याची शेड त्याहून बरी. मॅट काढून घरात ठेवा. कोपऱ्यांपर्यंत चापून बसणारे ते महागडे जाड मॅट तर खालची ओल वर येऊच देत नाहीत. शेजारच्या कुणाला तरी चावी द्या आणि आठवड्यातून एकदा एसी लावून वीस मिनिटं गाडी फिरवायला सांगा.

पुसण्याची घाई असतेच, म्हणून तेही सांगतो. सुक्या ब्रशने बुरशी झाडू नका, सगळी हवेत उडते आणि तुमच्या छातीत जाते. मी एकदा मास्क न लावता, दारं लावून हे केलं आणि तीन दिवस शिंकत होतो. दारं उघडी, तोंडाला एन-९५, आधी व्हॅक्यूम, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून ओलसर फडक्याने पुसायचं. आधी कुठल्यातरी झाकल्या जागी लावून बघा. व्हिनेगरचा वास दोन दिवसांत जातो. चामड्याला मात्र सौम्य साबणाचं पाणी, तेही जेमतेम, आणि लगेच सुकं फडकं. घरात दमेकरी असेल तर हे काम त्याला देऊ नका.

ब्लीच नको. कापडाचा रंग उडतो, बंद गाडीत डोळे चुरचुरतात आणि व्हिनेगरच्या जोडीला वापरलंत तर विषारी वायू तयार होतो.

छताच्या कापडावर बाटलीभर पाणी फवारू नका, गोंद सुटून छत डोक्यावर लोंबतं.

वासाच्या डब्या कोरड्या गाडीत खुशाल लावा. ओल्या गाडीत लावाल तर मोगरा आणि कुबट असे दोन वास येतील.

पुराचं पाणी सीटपर्यंत चढलेली गाडी ही वेगळी गोष्ट. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठी नदी शहरात शिरली, तेव्हा पुढचे कित्येक दिवस लोक गाळाने भरलेल्या गाड्या घेऊन विचारत होते की नुसतं धुऊन मिळेल का. अशी गाडी सुरू करायला जाऊ नका. फोटो काढा, आधी विमावाल्याला कळवा. त्या गाळात गटाराचंही पाणी असतं.

आता एसीचं. आतलीच हवा फिरवणारं बटण आठवडेच्या आठवडे दाबून ठेवू नका, ओल आत कोंडते. ग्लव्ह बॉक्सच्या मागचा फिल्टर पावसाळ्याआधी बदला, बहुतेक गाड्यांत पाच मिनिटांचं काम आहे. आणि घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे आतली गार जाळी सुकते.

सीटबेल्ट शेवटी. बुरशी आली तर पट्टा पूर्ण बाहेर ओढा, वर कपड्यांचा मोठा चिमटा लावून अडकवा, साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि रात्रभर तसाच लटकू द्या. ओला पट्टा आत जाऊ दिलात तर मी केलेलं काम आठवड्यात फुकट जातं आणि फोन मलाच येतो.