ड्रॅग फुल टाइट तरी ब्रेड लाइन स्पूलवर गोल फिरते? माझं असं सुटलं

मासेमारीच्या ३००० साइजच्या स्पिनिंग रीळच्या स्पूलवर (लाइन गुंडाळायची चकरी) २० पाउंडची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, भरली होती, खाडीवर जिताडा लागला की हँडल फिरवतोय पण लाइन आतच येईना. ड्रॅग (स्पूलचा ब्रेक) पूर्ण आवळला तरी तेच. दोन सीझन याच्यात गेले, फार वैताग आला. ड्रॅगचे वॉशर साफ केले, नवीन ब्रेड घेतली, स्पूलवरची गाठ डबल मारली, काही फरक नाही. मग स्पूल बोटांनी घट्ट धरून लाइन ओढली तर अख्खा गुंडाळाच स्पूलवर फिरत होता! ब्रेड गुळगुळीत, ती गुळगुळीत धातूला पकडतच नाही.

आता असं करा. आधी बेल, म्हणजे रीळवरची उघडबंद होणारी तार, उघडा (हे विसरलात तर गाठ मारून परत सोडावी लागते), मग साधी मोनो लाइन (एकसंध नायलॉनची) स्पूलला युनी गाठीने बांधा, बेल बंद करून १५-२० वेढे दाबून भरा. मोनो किंचित ताणली जाते म्हणून ती स्पूलला चिकटून बसते. तिला ब्रेड डबल युनीने (दोन्ही लाइनच्या टोकांना एकेक युनी गाठ) जोडा, मोनोचे ४-५ वेढे आणि ब्रेडचे ८, ब्रेडला जास्तच लागतात नाहीतर निसटते. गाठ ओली करून हळू आवळा, टोकं बारीक कापा. नंतर ब्रेड ओल्या फडक्यात चिमटीत धरून चांगल्या ताणाने भरा, सैल भरली तर वरचे वेढे खालच्यात रुततात आणि कास्ट करताना (गळ फेकताना) गुंता होतो. स्पूलच्या कडेपासून २ मिमी खाली थांबा.

मोनो नसेल तर स्पूलवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारून त्यावर ब्रेड बांधली तरी चालते, पण मला मोनोच जास्त भरवशाची वाटते.