भिंतीची भेग बुजवू नका, आधी तिच्यावर तारीख लिहा

आमच्या परभणीकडच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली आहे. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं शिरायचं. गणपती येईपर्यंत साधं पोस्टकार्डही जायचं नाही. तीन दिवाळ्या आम्ही ती सिमेंटने बुजवून रंग दिला आणि तीनही उन्हाळ्यांत ती पुन्हा उघडली. आम्ही गवंड्याला बोल लावत होतो. खोट खालच्या मातीत होती.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात जिथे हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराखाली असते. घराच्या कडेची माती पावसाने भिजते, उन्हाने सुकते; मधली झाकलेली, ती फारशी हलत नाही. त्यामुळे घर सारखं वरखाली होत नाही, कोपरे होतात.

भेग पायाची आहे का?

गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार चिरा सोडून द्या. बीम आणि वीटकाम जिथे मिळतं तिथली सरळ आडवी रेघही बहुधा पायाची नसते. पायाची भेग तिरपी असते. ती दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, वीटकामात जिन्यासारखी चढते, एका टोकाला रुंद असते आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसते. जोडीला दार चौकटीला घासतं, बाहेरची पायरी जोत्यापासून सुटते. पावसाळ्यात लाकूड फुगूनही दार अडकतं, म्हणून हे उन्हाळ्यात बघा.

वर्षभर मोजा

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेगेच्या दोन बाजूंना दोन फुल्या करून त्यांतलं अंतर दर महिन्याला मोजा. पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना घट्ट चिकटवली तरी चालतं. काच तडकली की भिंत हलतेय हे कळतं. मे आणि सप्टेंबरची मापं चुकवू नका. भेग 5 मिलिमीटरच्या पुढे गेली, किंवा पावसाळ्यातही वाढतच राहिली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. कॉलम तडकून सळई दिसू लागली, तर मापं घेत बसू नका. घर रिकामं करून त्याच दिवशी बोलवा.

दुरुस्ती पाण्यापासून

खर्च कमी आणि गुण जास्त, तो इथे. गच्चीचा पाइप भिंतीच्या मुळाशी पाणी ओततोय का, बाथरूमचं चेंबर झिरपतंय का, भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा आहे का, हे बघा. मग घराभोवती दीड मीटर रुंदीची काळी माती वीतभर काढा, मुरूम भरून पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट बसवा आणि वर काँक्रीटचा पट्टा घाला. उतार बाहेरच्या बाजूला, मीटरला 3-4 सेंटीमीटर. भिंत आणि पट्टा यांच्यामधली फट डांबराने भरा, नाहीतर सगळं पाणी तिथूनच आत जातं.

भिंतीलगतचं मोठं झाड मात्र एका दिवसात तोडू नका. ते ओढत असलेलं पाणी मग मातीत साठतं, माती फुगते आणि खचलेलं घर उलट वर उचललं जातं.

पाया खरंच उथळ असेल तर

इंजिनिअरच्या देखरेखीखाली भिंतीलगत एक लहान खड्डा घेऊन पाया मुरमापर्यंत पोहोचलाय की काळ्या मातीतच थांबलाय, हे बघावं. थांबला असेल, तर भिंतीला टेकू देऊन, एका वेळी मीटर-सव्वा मीटरचा तुकडा खणून, खालून काँक्रीट भरत पाया मुरमापर्यंत नेतात. शेजारचा तुकडा लगेच खणायचा नसतो. सलग चर खणू म्हणणाऱ्या ठेकेदाराला हात जोडा. नवी खोली वाढवायची असेल, तर अंडर-रीम्ड पाइलबद्दल विचारा. खाली कांद्यासारखा फुगीर गड्डा असलेले हे खांब माती जिथवर हलते त्याच्या खाली रुजतात. आपल्याकडे त्यांचं तंत्र रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलं.

भेग भरणं सगळ्यात शेवटी. गिलावा दोन्ही बाजूंना वीतभर खरवडून जाळी ठोका आणि मग नवा गिलावा करा. थोडी हालचाल उरलीच असेल, तर सिमेंटऐवजी ताणली जाणारी सीलंट वापरा.

आम्ही पाइप लांब नेला, पट्टा घातला. भिंतीवर आता तारखांची रांग आहे आणि शेवटच्या दोन मे महिन्यांत नाणं शिरलेलं नाही. रंग अजून दिलेला नाही.