शहराच्या निधीसाठी गुंतवणूक व्यवस्थापक निवडताना

शहर प्रशासनाच्या वित्त विभागात रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, शहराचा शिल्लक निधी सांभाळण्यासाठी बाहेरची कंपनी निवडणाऱ्या समितीत माझी नेमणूक झाली. या कामात नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो अनुभव येथे मांडत आहे.

प्रस्ताव मागवण्यापूर्वी आम्ही बराच काळ केवळ रोकड प्रवाहाचा अंदाज बांधत होतो. पगार, कंत्राटदारांची देयके आणि कर्जाचे हप्ते कोणत्या महिन्यात जातात, कर कधी जमा होतो, हे मांडल्याशिवाय किती रक्कम किती काळ गुंतवता येईल हे कळत नाही. आणि ते आपल्यालाच ठाऊक नसेल तर कंपनी तिच्या सोयीची मुदत सुचवते. सार्वजनिक निधीत आधी सुरक्षितता, मग तरलता, म्हणजे हवे तेव्हा पैसे मोकळे करता येणे, आणि शेवटी परतावा असा क्रम पाळतात. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत तो उलटला: कर्जाऊ पैशांनी वाढवलेली गुंतवणूक १९९४ साली व्याजदर चढताच सुमारे १.६ अब्ज डॉलरच्या तोट्यात गेली आणि काउंटीला दिवाळखोरी पत्करावी लागली.

आमच्याकडे आलेल्या प्रस्तावांत एका कंपनीचा परतावा इतरांहून ठळकपणे जास्त होता आणि समितीतील काहींचे मत तिच्याकडे झुकलेही होते. मी त्या गुंतवणुकीचे ड्युरेशन, म्हणजे व्याजदराला ती किती संवेदनशील आहे याचे माप, तपासले. ते सुमारे ४ वर्षे होते. आमच्या धोरणात २ वर्षांची मर्यादा होती. ड्युरेशन ४ असेल तर व्याजदर एक टक्क्याने वाढताच रोख्यांचे मूल्य साधारण ४ टक्क्यांनी घसरते. तो जास्तीचा परतावा कौशल्याचा नसून व्याजदर उतरत असताना घेतलेल्या लांब मुदतीचा होता. त्यानंतर आम्ही सर्वांकडून एकाच निर्देशांकाशी तुलना केलेले, शुल्क वजा जाता उरणारे आकडे मागितले आणि सोडून गेलेल्या ग्राहकांची यादीही घेतली. माझ्या मते ती यादी सर्वांत बोलकी असते.

प्रस्तावांच्या मूल्यांकनात शुल्काला गुण असावेत, पण मोजके. १० कोटींच्या निधीवर ०.१० ऐवजी ०.०८ टक्के शुल्क घेतले तर वर्षाला २० हजार वाचतात. चुकीच्या मुदतीचा एकच रोखा अवेळी विकावा लागला तर त्याहून कितीतरी अधिक जातात.

मुलाखतीला विक्री विभागातील माणसे न बोलावता आपले खाते प्रत्यक्ष हाताळणाऱ्या व्यक्तीलाच बोलवावे. रोखे त्या कंपनीच्या ताब्यात न ठेवता स्वतंत्र कस्टोडियन बँकेकडे, म्हणजे ग्राहकाचे रोखे सांभाळून ठेवणाऱ्या बँकेकडे, ठेवावेत, आणि ३० दिवसांच्या सूचनेने, कारण न देता करार संपवता येईल असे कलम घालून घ्यावे. आजही दर महिन्याला कस्टोडियनचे विवरण आणि कंपनीचा अहवाल शेजारी ठेवून मी एकेक ओळ जुळवून पाहते.