हातकताईच्या लोकरीने तळहाताएवढी टॅपेस्ट्री
टॅपेस्ट्रीत, म्हणजे विणूनच चित्र उमटवलेल्या कापडात, चित्र केवळ बाण्यातून (आडव्या धाग्यांतून) उमटते आणि ताणा (उभे धागे) त्याखाली पूर्ण झाकला जातो. म्हणूनच ताण्यासाठी घट्ट पिळाचा सुती दोरा घ्यावा आणि हाताने कातलेली लोकर बाण्यासाठी राखून ठेवावी. ताज्या पिळाचा धागा विणताना स्वतःभोवतीच वळतो, त्यामुळे त्याची लडी आधी कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवावी. साध्या लाकडी चौकटीवर दर सेंटिमीटरला ४ ते ५ उभे धागे पुरतात; लोकर जाड असल्यास ते विरळ ठेवावेत, अन्यथा बाणा नीट खाली बसत नाही आणि ताणा डोकावत राहतो.

खरी कसोटी कडांची असते. बाणा सरळ ओढला की विणकाम मध्यभागी आकसते, म्हणून तो प्रत्येक ओळीत कमानीसारखा सैल टाकून मगच खाली ठोकावा. एवढ्या लहान कामाला जेवणाचा काटा उत्तम चालतो. दोन रंग शेजारच्या उभ्या धाग्यांवरून वारंवार मागे फिरले, तर त्यांच्यामध्ये फट पडते. लहान फट शोभून दिसते. मोठी मात्र मागून शिवावी किंवा विणतानाच दोन्ही रंगांचे धागे एकमेकांत अडकवून वळवावेत.