वृत्तपत्रांतील निधनवार्तांची सूची कशी करावी : नागपुरातील स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

वंशावळ जुळवणाऱ्याला महानगरपालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यातून मृताचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि तारीख मिळते. पण त्या व्यक्तीच्या मागे कोण कोण राहिले, मुलगी कोणत्या घरात दिली होती, भाऊ कोणत्या गावी स्थायिक झाला होता, हे दाखल्यावर नसते. ते वृत्तपत्रातील चार ओळींच्या निधनवार्तेत असते. नागपुरात ‘हितवाद’ १९११ पासून आणि ‘लोकमत’ दैनिक स्वरूपात १९७१ पासून निघत आहे. ‘तरुण भारत’ आणि हिंदी ‘नवभारत’ यांच्याही जुन्या अंकांत विदर्भातील असंख्य घराण्यांची माहिती पडून आहे. मात्र मृत्यूची तारीख आधीच ठाऊक असल्याशिवाय ती कोणाच्या हाती लागत नाही, आणि नेमकी ही अडचण सूचीमुळे दूर होते. अमेरिकेतील फॅमिलीसर्च या संस्थेचे स्वयंसेवक निधनवार्तांतील मृताबरोबरच मजकुरात नाव आलेल्या नातलगांचीही नोंद करत आले आहेत. ती पद्धत आपल्याकडच्या नावांना आणि नात्यांना जुळेल अशी करून घेतली, तर चार-पाच जणांचा गटही हे काम नीट करू शकतो.

सर्व कामाला एकच नियम लागू आहे : छापील मजकूर जसा आहे तसा उतरवावा आणि आपले अनुमान वेगळ्या रकान्यात लिहावे. पुढच्या सूचना या नियमातूनच निघतात.

व्याप्ती ठरवणे आणि छायाचित्रे घेणे

सुरुवातीला एकच वृत्तपत्र आणि एकच वर्ष घ्यावे. शहर आवृत्ती की बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण एकाच तारखेच्या दोन आवृत्त्यांतील निधनवार्ता सारख्या असतीलच असे नाही. ग्रंथालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि अंकांच्या बांधीव फाइली तेथेच बसून हाताळाव्यात. जुना वृत्तपत्री कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो. त्यामुळे फाइल दाबून सपाट करू नये, पान कोपऱ्याने ओढू नये आणि बोट ओले करून उलटू नये. मोबाइल पानाला समांतर धरून, फ्लॅश बंद ठेवून छायाचित्र घ्यावे. प्रत्येक अंकाचे पहिले छायाचित्र तारखेच्या ओळीसह असावे, म्हणजे पुढे कात्रण कोणत्या अंकातले याविषयी वाद राहत नाही. फाइलला वृत्तपत्राची खूण, वर्ष, महिना, दिवस आणि पान या क्रमाने नाव द्यावे. असे केल्यास संगणक ती आपोआप कालक्रमाने लावतो.

एक निधनवार्ता नोंदवून पाहू

नमुन्यासाठी रचलेला हा मजकूर शुक्रवार, १७ ऑगस्ट १९७९ च्या अंकात आला आहे, असे समजा : ‘महाल येथील रहिवासी श्रीमती कमलाबाई वामनराव वऱ्हाडपांडे (७८) यांचे गुरुवारी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या मागे दोन मुले, सुना, विवाहित मुलगी, जावई व नातवंडे असा आप्तपरिवार आहे. अंत्यसंस्कार आज सकाळी ११ वाजता गंगाबाई घाटावर होतील.’

अंकाची तारीख आणि मृत्यूची तारीख हे दोन स्वतंत्र रकाने हवेत. येथे मृत्यूच्या रकान्यात ‘गुरुवारी’ एवढेच येईल आणि अनुमानाच्या रकान्यात १६ ऑगस्ट १९७९. वय ७८ पूर्ण असेल, तर जन्म १९०० किंवा १९०१ मधला ठरतो. म्हणून जन्मवर्ष ‘सुमारे’ असे लिहूनच द्यावे. निधनवार्तेतील वय घरच्यांनी घाईत सांगितलेले असते, त्यावर याहून अधिक भार टाकू नये. राहण्याचे ठिकाण ‘महाल’, घाट ‘गंगाबाई’. घाटाचे नाव अनेकांना अनावश्यक वाटते, पण ते अवश्य नोंदवावे. गंगाबाई, मोक्षधाम की अंबाझरी, यावरून कुटुंब शहराच्या कोणत्या भागात राहत असावे याचा अंदाज बांधता येतो आणि मृत्यूनोंद शोधतानाही त्याची मदत होते.

यापुढचा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि तोच सर्वाधिक हयगयीने नोंदवला जातो. ‘श्रीमती’ हे संबोधन आणि मागे राहिलेल्यांत पतीचा उल्लेख नसणे, यांवरून कमलाबाईंचे पती आधीच वारले असावेत, असे अनुमान काढता येते. पण ते अनुमानच आहे. कमलाबाईंचे माहेर मजकुरात नाही, म्हणून तो रकाना रिकामा ठेवावा, परंतु रकाना असलाच पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदलते आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते; त्यामुळे आपल्या बहुतेक वंशावळींत स्त्रिया अर्ध्यावर हरवतात. भावाच्या निधनवार्तेत ‘बहीण’ म्हणून आलेले सासरचे नाव किंवा जावयाचे आडनाव, हाच कधी कधी दोन घराणी जोडणारा एकमेव छापील पुरावा असतो. म्हणून नाव दिलेल्या प्रत्येक नातलगासाठी स्वतंत्र ओळ करावी आणि तिच्यात मृताशी असलेले नाते छापील शब्दांतच लिहावे. ‘भाचा’ म्हणजे बहिणीचा मुलगा की नणंदेचा, ‘मेहुणे’ म्हणजे पत्नीचे भाऊ की बहिणीचे यजमान, हे आपण ठरवू नये. ‘नातू’ मुलाचा की मुलीचा, हेही मजकुरात असेल तरच लिहावे.

उपाधींबाबतही हेच धोरण ठेवावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या या शहरात बौद्ध कुटुंबांच्या निवेदनांत ‘कालकथित’ आणि ‘पुण्यानुमोदन’ हे शब्द येतात, इतरत्र ‘कै.’, ‘स्व.’ किंवा ‘मरहूम’ असते. सर्वांना ‘कै.’ लावून टाकणे ही शोधकाची आणि त्या कुटुंबाचीही हानी आहे. ‘ऊर्फ’नंतरचे नाव तर सोडूच नये, कारण भाऊसाहेब, नाना, बापू या नावांनीच माणूस गल्लीत ओळखला जात असे.

तिथी, वार्षिक स्मरण आणि गावे

तेरवीची सूचना आणि ‘प्रथम पुण्यस्मरण’ या जाहिराती निधनवार्तेपासून वेगळ्या प्रकारात नोंदवाव्यात. स्मरणाची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. पण या जाहिरातींत छायाचित्राखाली जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही तारखा अनेकदा छापलेल्या असतात, म्हणून त्या टाळू नयेत.

केवळ तिथी दिलेली असेल तर विशेष सावध राहावे. शकात चैत्रापासून साधारण मार्गशीर्षापर्यंत ७८ आणि माघ-फाल्गुनात ७९ मिळवले की इसवी सन मिळतो. पौषात इसवी सनाचे वर्ष बदलत असल्याने तेथे पंचांगच पाहावे लागते. ‘माघ वद्य ५, शके १९००’ म्हणजे १९७९. नागपुरात आणखी एक गुंता आहे. मराठी पंचांगाचा महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेकडच्या पद्धतीने तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे हाच दिवस हिंदी निवेदनात ‘फाल्गुन कृष्ण ५’ म्हणून येतो आणि वर्ष विक्रम संवताचे असते. एकाच व्यक्तीच्या मराठी आणि हिंदी निवेदनांत महिना वेगळा दिसला, तर ती लगेच चूक समजू नये.

गावांची नावेही जुनीच राहू द्यावीत. ‘चांदा’ खोडून ‘चंद्रपूर’ लिहू नये. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला आणि गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, त्यामुळे त्याआधीच्या अंकातील जिल्हा आजच्या नकाशाशी जुळणार नाही. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि राज्यपुनर्रचनेनंतर अनेक सरकारी नोकर भोपाळला गेले. त्यामुळे नातलगांच्या गावांत भोपाळ, जबलपूर, रायपूर ही नावे वारंवार भेटतील आणि ती शोधाची पुढची दिशा दाखवतील.

टंकलेखन

सर्वांनी युनिकोडमध्येच टंकलेखन करावे. नमुन्यातील आडनावातला ‘ऱ्हा’ दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे असतात आणि शोधताना निम्म्या नोंदी गळतात. गटाने एकच प्रकार ठरवून घ्यावा. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा रकानाही ठेवावा, कारण परदेशी स्थायिक झालेली नातवंडे त्याच लिपीत शोध घेतात. दिवस, महिना, वर्ष हे तीन स्वतंत्र रकान्यांत आणि इंग्रजी अंकांत असावेत, नाहीतर स्प्रेडशीट त्यांना केवळ मजकूर मानते आणि क्रम बिघडतो. गुगल लेन्ससारख्या साधनाने मजकूर काढता येतो, मात्र पुसट छपाईत ते ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत गोंधळते, आणि आडनावातले एक अक्षर बदलले की घराणेच बदलते. साधनाने दिलेले प्रत्येक नाव छायाचित्राशी ताडून पाहावे. अक्षर लागतच नसेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह द्यावे.

तपासणी आणि प्रसिद्धी

प्रत्येक पान दोघांनी एकमेकांची नोंद न पाहता उतरवावे आणि फरक दिसेल तेथे तिसऱ्याने मूळ छायाचित्र पाहून निर्णय द्यावा. वेळ दुप्पट जातो, पण नावांच्या कामात याला पर्याय नाही. एकाच व्यक्तीची वार्ता तीन वृत्तपत्रांत आली, तर तिन्ही नोंदी ठेवून त्यांना समान गटक्रमांक द्यावा. एकीत वय असते, दुसरीत मुलींची नावे असतात.

हयात नातलगांचे नाव आणि नाते एवढेच घ्यावे. निवेदनात छापलेले दूरध्वनी क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता सूचीत आणू नये. मृत्यूचे कारण कुटुंबाला दुखावणारे असेल तर ते वगळावे, वंशावळीला त्याची गरज नसते. वृत्तपत्राच्या परवानगीविना छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. अंकाची तारीख आणि पान दिले की वाचक मूळ अंकापर्यंत पोहोचतो. सूचीची एक प्रत ज्या ग्रंथालयात अंक पाहिले तेथे द्यावी. एखाद्या कुटुंबाने छापील मजकुरातील चूक कळवली, तर छापील रकाना तसाच ठेवून दुरुस्ती टीपेत, कळवल्याच्या तारखेसह आणि कळवणाऱ्याच्या मृताशी असलेल्या नात्यासह नोंदवावी.