‘स’पासून सुरू होणारे लहान प्राणी : यादी करताना या चुका टाळा

अक्षर देऊन प्राण्यांची नावे लिहायला सांगण्याचा गृहपाठ वरवर पाहता अगदी सोपा असतो. पण गेल्या वर्षी माझ्या भाचीने केलेला ‘स’चा तक्ता पाहिला आणि या सोपेपणावरचा माझा विश्वास उडाला. ससा, साळिंदर, सायाळ, साळू, सरडा, सुरवंट आणि सेकरू अशी सात नावे तिने सुवाच्य अक्षरात लिहिली होती आणि प्रत्येकापुढे इंटरनेटवरून छापून घेतलेले चित्र चिकटवले होते. सातपैकी सात गुणही मिळाले. प्रत्यक्षात त्या तक्त्यावर प्राणी होते पाच आणि त्यांतलाही एक ‘स’चा नव्हताच.

पहिली चूक मोजणीची आहे. साळिंदर, सायाळ आणि साळू हे तीन प्राणी नसून एकाच प्राण्याची तीन नावे आहेत. गाव बदलले की नाव बदलते, एवढेच. शब्दकोशात नावे शोधून यादी लांबवणाऱ्या पालकांचा इथे हमखास घोटाळा होतो. शिवाय साळिंदर ‘लहान’ म्हणावे का, हेही आधी ठरवून घ्यावे, कारण पूर्ण वाढलेल्या साळिंदराचे वजन ११ ते १८ किलो भरते. सशापर्यंतचे आकारमान लहान मानायचे असेल तर साळिंदर त्या यादीत बसत नाही, आणि ते वगळले तर काही बिघडतही नाही.

दुसरी चूक चित्राची. भाचीच्या तक्त्यावर ‘साळू’पुढे होते ते मुठीत मावेलसे, तोंड टोकदार असलेले, अंगाचा चेंडू करून बसणारे गोजिरवाणे जनावर म्हणजे युरोपातला हेजहॉग. तो मुख्यतः किडे, अळ्या आणि गांडुळे खाणारा प्राणी आहे, तर साळिंदर उंदीर-घुशींच्या गणातले, कुरतडणारे. हेजहॉगचे काटे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचे असतात. साळिंदराचा काटा सहज वीतभर, कधी ३० सेंटिमीटरांहूनही लांब भरतो. शेताच्या बांधावर सापडलेला असा एक काटा माझ्या टेबलावर आहे : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आतून हलका, टोकाला दाभणासारखा. हा काटा म्हणजे मूळचा केसच, जाड आणि कडक झालेला. साळिंदर शत्रूवर काटे फेकून मारते, असे चित्राखाली लिहिण्याचा मोह मात्र आवरावा. ते काटे फेकू शकत नाही. संकट आले की ते काटे फुलवते, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवते आणि तरीही कोणी जवळ आलेच तर मागच्या मागे त्याच्यावर धाव घेते. सैल बसलेले काटे तेव्हा शत्रूच्या अंगात रुतून सुटतात. पाहणाऱ्याला ते फेकल्यासारखे वाटतात.

सशाच्या बाबतीत चूक इतकी रुळलेली आहे की ती चूक वाटतच नाही. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, हातात गाजर धरलेला ससा आपल्या माळरानावर नसतो. तो पाळीव ससा मूळच्या युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. आपला रानससा मातकट रंगाचा असतो आणि त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा असतो. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरती खळगी करून दिवसभर तिच्यात दबून बसतो. पाळीव सशाची पिल्ले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात, तर रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच येतात, कारण त्यांना लपायला बीळ नसते. ‘ससेहोलपट’ हा शब्द मला या माहितीनंतरच नीट उमगला : ज्याला शिरायला बीळ नाही, त्याला पळण्यावाचून दुसरे काय उरते? ससा हा उंदरांसारखाच कुरतडणारा प्राणी, असेही बरेचदा लिहिले जाते. तेही टाळावे. सशाच्या वरच्या जबड्यात पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात असतात, आणि ज्या कारणांमुळे प्राणिशास्त्राने त्याला उंदरांच्या गणातून वेगळे काढले त्यांत हे दात महत्त्वाचे आहेत. रानससा हा वन्यप्राणी असल्याने त्याला पकडून घरी आणणे कायद्याने गुन्हा ठरते, हे मुलांना तक्ता करतानाच सांगावे.

‘सरडा’ म्हटले की चित्र शोधणाऱ्याच्या हाती हटकून गुंडाळलेल्या शेपटीचा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, लांबच लांब जिभेचा प्राणी लागतो. तो घोयरा सरडा. कुंपणापर्यंतच ज्याची धाव असते तो आपला नेहमीचा सरडा वेगळा : शेपूट सरळ आणि शरीराहून लांब, पाठीवर काट्यांची रांग. विणीच्या हंगामात नराचे डोके आणि खांदे तांबडेलाल होतात. तो कुंपणाच्या खांबावर चढून पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वर-खाली होतो, आणि मुले त्याला दगड मारतात. तो रंग रागाने किंवा माणसाचे रक्त पिऊन आलेला नसतो. घोयराही ज्या वस्तूवर बसेल तिचा हुबेहूब रंग घेतो, असे नाही. ऊन, तापमान, भीती आणि प्रतिस्पर्ध्याशी झुंज यांचा त्याच्या रंगाशी मोठा संबंध असतो.

यादी अडली की मोठी माणसे ‘साप’ सुचवतात, पण त्याआधी अंगणातली सापसुरळी आठवावी. चकचकीत खवल्यांची, आखूड पायांची, पालापाचोळ्यात सळसळत जाणारी ही सापसुरळी पाहिली की घरातले कोणीतरी काठी शोधू लागते, कारण काही ठिकाणी तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात आणि ती विषारी समजली जाते. ती साप नाही, तिला विष नाही; ती किडे खाते आणि पकडली गेल्यास शेपटी तोडून निसटते. तुटलेली शेपटी पुढे पुन्हा वाढते.

‘सेकरू’ची चूक शुद्धलेखनाची आहे. बोलताना ‘श’चा ‘स’ होतो आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी चुकीच्या रकान्यात जाऊन बसतो. भीमाशंकरच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेणारे ते शेकरू, आणि त्याचे अक्षर ‘श’. नाव कसे ऐकले यापेक्षा छापील पुस्तकात ते कसे लिहिले आहे ते पाहून घ्यावे.

पक्षी चालणार असतील तर साळुंकी आणि सुगरण ही दोन नावे हाताशी आहेत. सुगरणीच्या घरट्याचे वर्णन करताना मात्र नाव स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘मादी घरटे विणते’ असे लिहू नये. विणकाम नर करतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन तपासते आणि पसंत पडले तरच पुढचा संसार होतो.

राहिला सुरवंट. तो स्वतंत्र जातीचा प्राणी नसून पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या वाढीतली एक अवस्था आहे, त्यामुळे त्याच्याबरोबर फुलपाखरूही मोजले तर तोच प्राणी दोनदा मोजला जाऊ शकतो. केसाळ असेल तो सुरवंट आणि गुळगुळीत असेल ती अळी, हा आपल्या भाषेतला भेद चित्र निवडताना पाळावा. चित्राऐवजी खरा सुरवंट आणायला मुले शेवग्याच्या झाडाखाली गेलीच आणि हाताला केस लागून खाज सुटली, तर ती जागा चोळू नये, चोळल्याने केस अधिक आत जातात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी, असे दोन-तीनदा करावे आणि मग साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे. केस डोळ्यात गेले असतील तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.